कसर

रजिस्टरात नोंद आहे: क्रमांक दोनशे अकरा,
कागद, शाई, अपूर्ण.
पुढच्या रकान्यात कुणीतरी आडवी रेघ मारलीय,
म्हणजे किंमत नाही.

एका खानाचं डोकं, एका बाजूने.
नाव फाटलंय, 'खान' तेवढा राहिला.
भोवती सरावाचा पसारा:
चार कान, पगडीचा एकच पेच सहा वेळा,
बाज बसवायचा हात, बाजाविना,
हत्तीचा डोळा,
कडेला कुंचला पुसल्याचे फराटे,
आणि खालच्या कोपऱ्यात एक शेळी.
तिचं इथे काय काम, कुणास ठाऊक;
पण अख्ख्या कागदावर मन लावून काढलेली तीच.

मागे मोडीत हिशेब.
डिंक पावशेर. खारीचे केस, उधार.
कागद कागजीपुऱ्याचा, घोटाई नीट नाही.
इतक्या वर्षांनी मी बोट फिरवून पाहिलं.
खरंय. नीट नाही.

खानाला देवी येऊन गेल्या होत्या.
चिताऱ्याने एकही व्रण सोडला नाही:
गालावर, कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर
शाईचे टिपके, बारीक,
उद्या कुणी मोजून घेणार असल्यासारखे.
नाकाचं हाड कधीतरी मोडून तसंच बसलेलं,
तेही तसंच ठेवलंय.

सावरगावकर सर म्हणाले, उजेडात धर,
छपरीच्या काड्यांच्या रेघा दिसतील.
मी खाम नदीकडची खिडकी उघडली.
रेघा दिसल्या. आणि भोकं.
सुईने टोचलेली, ओळीने.
वरून कोळशाची पुरचुंडी आपटायची,
खाका खालच्या कागदावर उतरतो,
ती भोकं.
ऊन त्यांतून आलं
आणि माझ्या पांढऱ्या हातमोज्यावर
खान उमटला, उजेडाच्या ठिपक्यांचा.
नाक सरळ.
गाल स्वच्छ.

शाईच्या नाकाशेजारून, तांदळाएवढं अंतर राखून,
सुई वेगळ्या वाटेने गेली होती.
दरबारात गेला तो हा.
दुसरा इथेच राहिला, शेळीसोबत.

माझे वडील जालन्याला, कादराबादच्या एका बोळात,
निगेटिव्हवर पेन्सिल चालवायचे.
भिंगाखाली, श्वास धरून.
स्थळांना पाठवायचे फोटो.
देवीच्या व्रणांचे दोन रुपये जादा.
परतूरची एक मुलगी, द्वारका,
फोटो हातात घेऊन बघत राहिली.
म्हणाली, छान आहे. कोण आहे ही?
वडिलांनी पैसे घेतले नाहीत.
रात्री जेवताना म्हणाले, मीठ कमी झालंय.
झालं नव्हतं.

पुन्हा खिडकीपाशी गेले.
हातमोज्यावर, गालाच्या मधोमध,
एक ठिपका जास्तीचा.
कुठल्याच रेघेत न बसणारा.
शाईच्या एका व्रणातून बरोबर आरपार.

सुई घसरली असेल.
दुपार असेल, डोळा लागला असेल.
किंवा सगळे व्रण वगळता वगळता
एक त्याला वगळवला नसेल.
कोळशाचा तेवढा एक कण
दरबारी गालावर बसला असेल,
वर सफेदा चढला असेल,
आणि नजराणा पेश होताना
मागच्या रांगेत उभ्या एकाच माणसाला
तो कुठे आहे ते माहीत असेल.

सरांनी भिंग लावलं.
कसर लागलीय, म्हणाले. लिही.

कसर कडेने खाते, वेडंवाकडं खाते.
हे भोक गोल आहे.
मी बोलले नाही.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: गालावर कसर.
लागली की राहिली,
ते लिहायला रकाना नव्हता.

मग पेन्सिलीने कोपऱ्यात नंबर टाकला,
अगदी हलक्या हाताने,
शेळीला लागणार नाही इतक्या लांब.